तळेगावच्या तळ्यात तोफा

११ जानेवारी १७७९च्या रात्री तळेगाव दाभाडे इथल्या मुक्कामात इंग्रजी फौजेनं आपल्या जड तोफा तळ्यात ढकलून दिल्या. नेता येणार नव्हतं ते बरंचसं सामान जाळून टाकलं. रात्री अकराच्या सुमाराला सव्वीसशेहून थोडे जास्त लोक अंधारात माघारी फिरले. पुणं तिथून जेमतेम पस्तीसेक किलोमीटरवर राहिलं होतं. ज्या तोफा घेऊन ते पेशव्यांची राजधानी जिंकायला निघाले होते, त्या मावळच्या पाण्यात गेल्या. ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही गोष्ट एका वाक्यात सांगितली आहे. पुढे वडगावच्या लढाईवर खूप लिहिलं गेलं. त्या तळ्यापाशी मात्र फारसं कुणी थांबलं नाही.

मला तिथं थांबावंसं वाटतं. मौल्यवान धातू, गढूळ पाणी आणि काठावर उभा असलेला हतबल माणूस हा प्रसंग मावळात आजही घडतो. तोफेच्या जागी आता अंगठी असते, विसर्जनात गणपतीच्या गळ्यात राहून गेलेली साखळी असते, गाडीची किल्ली असते किंवा मोबाइल असतो. तळ्यात पडलेली वस्तू कशी शोधतात, कोण शोधतं आणि त्यासाठी काय पणाला लावायचं असतं, हे तीन प्रश्न तेव्हाही होते आणि आताही आहेत. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. पर्यटकांनी भरून वाहणाऱ्या या तालुक्यात तो दर पावसाळ्यात नव्यानं विचारावा लागतो.

घाट चढून आलेल्या तोफा

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथरावानं इंग्रजांचा आसरा घेतला. त्याला पुण्याच्या गादीवर बसवायचं ठरवून मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८च्या नोव्हेंबरात निघाली. सगळी मिळून सुमारे ३९०० माणसं होती. सामान ओढायला आणि वाहायला १९ हजार बैल असल्याचं ग्रँट डफ सांगतो. बैलांचा हा आकडा लक्षात ठेवावा, कारण या मोहिमेचं सगळं दुखणं त्यात आहे.

कॅप्टन जेम्स स्टुअर्ट पुढची तुकडी घेऊन आधीच बोरघाट चढून खंडाळ्याला पोचला होता. मुख्य फौज डिसेंबर सरता सरता घाटमाथ्यावर आली. तिथून पुढे वाट सपाट होती, पण चाल गोगलगाईची. नेतृत्व एका समितीकडे होतं. त्यातला मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि तिथंच वारला. सेनापती एजर्टन आजारी पडला आणि हुकूम कॉकबर्नकडे गेला. वर निर्णयात ढवळाढवळ करायला समितीतला कारनॅक होताच. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके आणि तोफखान्याचे भिवराव पानसे होते. मराठ्यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. ते तोफांचा मारा करत, रसद तोडत मागे सरकत राहिले. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं पडला. शत्रू असूनही त्याच्या धाडसाचं मराठ्यांना इतकं कौतुक होतं, की ‘इष्टुर फाकडा’ हे त्याचं नाव मावळात टिकून राहिलं. त्याची समाधी वडगाव मावळला आहे.

९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली तेव्हा गाव जळालेलं होतं. दाणा नाही, वैरण नाही. गरज पडली तर चिंचवड आणि पुणंही जाळू, अशी मराठ्यांची तयारी असल्याची खबर होती. १९ हजार बैलांना रोज चारा लागतो, आणि बैल थकले की पहिल्यांदा अडतात त्या तोफा. दोन दिवसांत समितीनं माघारीचा निर्णय घेतला.

माघार लपून राहिली नाही. पहाटेच्या आधीच मराठ्यांनी गाठलं. पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन हार्टलीनं शर्थ केली म्हणून फौज वडगावपर्यंत तरी पोचली. त्या एका दिवसात मेलेले, जखमी आणि बेपत्ता असे साडेतीनशेच्या आसपास लोक गेले. वडगावात वेढा पडला आणि १६ जानेवारीला तह झाला. १७७३नंतर घेतलेला मुलूख परत करायचा, रघुनाथरावाला स्वाधीन करायचं, अशी कलमं इंग्रजांना मान्य करावी लागली. पुढे कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जनं आणि मुंबईकरांनीही हा तह धुडकावला, तळेगावपर्यंत फौज आणणाऱ्या तिन्ही अधिकाऱ्यांना कंपनीच्या नोकरीतून काढण्यात आलं, आणि युद्ध १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. वडगावला आज महादजी शिंद्यांचा पुतळा आहे, तो या विजयाची आठवण म्हणून.

पाण्यात टाकलेलं परत मिळतं

तोफ शत्रूच्या हाती जाऊ द्यायची नसेल तर त्या काळी सोपा उपाय होता. तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, पोलादी मेख ठोकायची आणि ती वर मोडून टाकायची. मग तोफ काही काळ तरी निकामी होते. तळ्यात ढकलणं हा घाईतला मार्ग. त्यानं तोफ खराब होत नाही. ती शोधायला आणि ओढून काढायला वेळ लागतो, एवढंच. पळणाऱ्या फौजेला तेवढाच वेळ हवा असतो.

पण तळं म्हणजे समुद्र नव्हे. मावळातलं तळं जानेवारीत अर्धं असतं आणि वैशाखात काठ सोडून आत गेलेलं असतं. पवना धरणाच्या पाण्यात बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ दर उन्हाळ्यात पुन्हा उघडं पडतं, ते पाहायला लोक जातात. इथलं पाणी वस्तू कायमची गिळत नाही, काही महिने सांभाळून ठेवतं. जिंकलेल्या फौजेपाशी बैल होते, दोर होते, पानशांचा तोफखाना होता आणि मुलूख स्वतःचा होता. तोफ ही राज्याची दौलत. ओतायला तांबं लागायचं, कथील लागायचं, कारागीर लागायचे. अशा दौलतीला तळ्याच्या पाण्याचं कुलूप फार दिवस पुरणारं नव्हतं.

याहून कितीतरी खोल पाण्यातून त्याच्याही शंभर वर्षं आधी तोफा निघाल्या होत्या. स्वीडनच्या राजाचं ‘वासा’ हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात स्टॉकहोमच्या बंदरात कलंडून बुडालं. त्यावर ६४ तोफा होत्या, बहुतेक कांस्याच्या. पाणी सुमारे ३२ मीटर खोल, थंडगार आणि काळोखं. १६६४ आणि १६६५ साली फॉन ट्रायलेबेन आणि पेकेल यांनी घंटेच्या आकाराचं यंत्र वापरून त्यातल्या पन्नासहून जास्त तोफा वर काढल्या. पालथं भांडं पाण्यात सरळ दाबलं की आत हवा अडकून राहते. या घंटेत माणसाचं डोकं आणि छाती तशाच अडकलेल्या हवेत असायची. घंटेखाली टांगलेल्या फळीवर उभा राहून तो लांब दांड्याच्या आकड्यांनी चाचपडत काम करायचा. दिसत जवळपास काहीच नव्हतं. तोफेला दोर अडकवायचा, खुणेचा झटका द्यायचा, मग वरचे लोक रहाट फिरवणार. एकेक तोफ टनाहून जड होती. जहाज मात्र तळाशीच राहिलं आणि १९६१ साली वर आलं. तोफांसाठी छत्तीस-सदतीस वर्षांनी आलेली माणसं, जहाजासाठी तीनशे तेहतीस वर्षांनी आलेली माणसं, या दोघांसाठीही माल जागच्या जागी होता.

धातूच्या बाबतीत हे पहिलं सत्य आहे. तो थांबतो. सोनं हजार वर्षांनीही जसंच्या तसं असतं. चांदी काळवंडते, तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो, लोखंड गंजतं, पण चिखलात खोल गेलं तर हवा मिळत नाही आणि गंजही मंदावतो. बुडालेल्या वस्तूसाठी घाई करण्याचं कारण वस्तूपाशी नसतं. घाई असते ती काठावरच्या माणसाच्या मनात.

गाळ काय करतो

तळ्यात अंगठी पडली की लोकांना वाटतं, ती आता कुठल्या कुठे गेली असेल. खरं तर स्थिर पाण्यात जड वस्तू जवळजवळ सरळ खाली जाते. नाणं किंवा पातळ पदक हेलकावे घेत थोडं बाजूला जाईल. साखळी, अंगठी, किल्ल्यांचा जुडगा जिथं पडला तिथून पावलाभराच्या अंतरात तळाला लागतो. पुढचा खेळ गाळाचा. गाळ वरच्या बाजूला पातळ आणि खाली घट्ट होत जातो. वस्तू तिला पेलू शकेल इतका घट्ट थर लागेपर्यंत रुतते. सोनं पाण्याच्या १९ पट जड, चांदी साडेदहा पट, लोखंड पावणेआठ पट. आकार लहान असला तरी भार जास्त, म्हणून अंगठी वरच्या पातळ थरात थांबत नाही. पण ती फार खोलही जात नाही. बहुतेक वेळा वीत-दीड वीत, एवढंच.

तिला खोल नेतो तो माणूस. वस्तू पडली की चार जण पाण्यात उतरतात, पायानं चाचपतात, गाळ उसळतो, पाणी आणखी गढूळ होतं. ढवळलेला गाळ काही काळ पातळ होतो आणि वस्तू त्यातून अजून खाली सरकते. पायाला लागली तरी कळत नाही, उलट ती दाबली जाते. लोणावळ्याच्या आसपास पर्यटक जिथं बसतात तिथल्या तळात फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात. इंद्रायणी-पवनेच्या संथ पाण्यात जलपर्णीच्या मुळांचं जाळं असतं. पाय कापतात, अडकतात, आणि वस्तू जिथं होती तिथून हलवली जाते.

म्हणून जाणते लोक सगळ्यात आधी सांगतात ते हे, की पाण्यात उतरू नका. जिथून पडली तिथंच उभे राहा आणि खूण बांधा. समोरच्या काठावरचं एखादं झाड आणि त्यामागचं देवळाचं शिखर किंवा विजेचा खांब एका रेषेत येतात का ते पाहा. दुसऱ्या माणसानं वेगळ्या जागेवरून अशीच दुसरी रेषा धरायची. दोन रेषा जिथं छेदतात तिथं वस्तू. कोकणातले मच्छीमार समुद्रात आपली जाळी आणि खडक याच पद्धतीनं शोधतात. आता मोबाइलवर फोटो काढता येतो, ठिकाण जतन करता येतं. पण खिशातला मोबाइलच पाण्यात गेला असेल तर झाड आणि शिखर हीच खात्रीची साधनं. काठावर दगड मांडून ठेवला की दुसऱ्या दिवशीही जागा चुकत नाही.

गळ, चुंबक, दोर

पूर्वी गावात विहिरीत बादली, कळशी, घागर पडायची तेव्हा गळ मागवला जायचा. लोखंडी कडीला खाली चारी बाजूंनी वळवलेले आकडे, कधी आकड्यांना छोट्या साखळ्यांनी आणखी आकडे जोडलेले. असा गळ गावात एखाद्या घरात असायचा आणि सगळ्या आळीला चालायचा. दोराला बांधून तो सावकाश खाली सोडायचा, तळाला टेकला की हातभर उचलायचा, थोडा फिरवायचा, पुन्हा टेकवायचा. पाण्यात काय चाललंय ते दोरावरच्या बोटांना कळतं. दगडाला लागला तर ठक्कन बसतो, गाळात गेला तर मऊ बसतो आणि उचलताना जड लागतो, कळशीच्या काठात अडकला तर दोर किंचित डुलतो आणि वजन सारखं राहतं. मग ओढायची घाई करायची नाही. एका दमात, न हिसकावता, हात बदलत वर घ्यायचं. हिसका बसला की आकडा निसटतो आणि कळशी पुन्हा तळाला, पहिल्यापेक्षा जास्त रुतून. नळ आले आणि हे अवजार माळ्यावर गेलं. पण काठावर उभं राहून, स्वतः कोरडं राहून, तळाचा अंदाज घ्यायची ही विद्या आजही तितकीच कामाची आहे.

आता गळाच्या जागी चुंबक आला आहे. दोराला बांधलेला शक्तिशाली चुंबक लोखंडी किल्ली, कोयता, पहार सहज वर आणतो. पण सोनं, चांदी, तांबं, पितळ, कांस्य यांना चुंबक लागत नाही. घरातली बरीचशी स्टीलची भांडीसुद्धा त्याला चिकटत नाहीत. तळेगावच्या तळ्यासारख्या ठिकाणी बिडाची तोफ चुंबकमापक यंत्राला लांबून जाणवेल, कांस्याची तोफ शेजारी असली तरी जाणवणार नाही. शिवाय आपला सह्याद्री बसाल्टचा. या काळ्या खडकात चुंबकी खनिज असतं, त्यामुळे तळातले साधे दगडही यंत्राला चकवतात. सोन्यासाठी पाण्यात चालणारा धातुशोधक लागतो. तो अंगठीसारखी लहान वस्तू वीत-दीड वीत गाळाखाली असली तर दाखवतो, त्याहून खोल नाही. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या ‘सोनार’ यंत्रानं तळाचं चित्र मिळतं, पण गाळात गेलेली साखळी त्यात दिसत नाही.

शेवटी गढूळ पाण्यात हातच शोधतात. प्रशिक्षित पाणबुड्या अशा वेळी डोळ्यांवर अवलंबून राहत नाही. खुणेच्या जागी वजन टाकतात, त्याला दोर बांधतात. पाणबुड्या दोर ताणून धरतो आणि वजनाभोवती एक फेरा मारतो, मोकळ्या हातानं तळ चाचपत. फेरा पूर्ण झाला की दोर हातभर सैल करून दुसरा फेरा. असं करत वर्तुळ मोठं होत जातं आणि वीतभरही तळ सुटत नाही. त्याच्या कमरेचा दुसरा दोर काठावरच्या किंवा होडीतल्या साथीदाराच्या हातात असतो. एक झटका म्हणजे ठीक, अमुक झटके म्हणजे ओढा, हे आधी ठरलेलं असतं. तो साथीदार पूर्ण वेळ दोराकडे लक्ष देऊन असतो, फोनवर बोलत नाही, फोटो काढत नाही. पाण्यातल्या माणसाचा जीव त्या हातात असतो.

दोन शोध, दोन हिशेब

सप्टेंबर २०२४मध्ये बेंगळुरूत एका कुटुंबानं घरच्या गणपतीचं विसर्जन फिरत्या टाकीत केलं आणि घरी गेल्यावर लक्षात आलं, की मूर्तीच्या गळ्यात ६० ग्रॅमची सोन्याची साखळी तशीच राहिली. किंमत चारेक लाख. टाकीत त्या दिवसाच्या कितीतरी मूर्तींची माती विरघळलेली होती. कुटुंबानं पोलिसांना आणि टाकीच्या ठेकेदाराला कळवलं, टाकी बाजूला घेतली, सुमारे १० हजार लिटर पाणी उपसलं आणि दहाएक तास चिखल हातांनी चाळल्यावर साखळी सापडली. टाकी मर्यादित होती, परवानगी होती, कुणाचा जीव धोक्यात नव्हता. हा शोध योग्य होता.

दुसरा शोध मे २०२३चा, छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातला. एका अन्न निरीक्षकाचा सेल्फी काढताना महागडा मोबाइल खेरकट्टा धरणाच्या सांडव्याच्या पाण्यात पडला. पाणबुड्यांना तो मिळाला नाही, म्हणून पंप लावून तीन दिवस पाणी उपसलं गेलं. ऐन उन्हाळ्यात सुमारे ४१ लाख लिटर पाणी वाहून गेलं, ज्यावर कितीतरी एकर शेत भिजलं असतं. फोन मिळाला, पण तो बंदच पडला होता. अधिकारी निलंबित झाला आणि पाण्याची किंमत त्याच्याकडून वसूल करण्याचा आदेश निघाला.

दोन्हीकडे वस्तू मिळाली. फरक आहे तो काय खर्ची घातलं याचा. स्वतःचे दहा तास आणि टाकीतलं चिखलपाणी खर्च करणं वेगळं, गावाचं शेतीचं पाणी खर्च करणं वेगळं. मावळात तिसरा खर्चही होतो, आणि तो सगळ्यांत भारी आहे.

मावळचं पाणी ओळखणारे

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेनं ब्रिटिश काळात बांधलेलं भुशी धरण, टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचं वळवण, नगराचं तुंगार्ली, पलीकडे पवनेचा विस्तीर्ण जलाशय. वरून हे सगळं पाणी शांत दिसतं. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण, त्यांत चार मुलं, क्षणात वाढलेल्या प्रवाहानं ओढून नेले. १५ जून २०२५ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला आणि चार जण गेले.

अशा प्रत्येक वेळी पाण्यात उतरतात ती ठरावीक माणसं. लोणावळ्याचं ‘शिवदुर्ग मित्र’, ‘वन्यजीव रक्षक मावळ’ संस्थेचे कार्यकर्ते, पोलीस, ‘आयएनएस शिवाजी’ या लोणावळ्याच्या नौदल तळावरचे पाणबुडे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडीही याच तालुक्यात, सुदुंबरे इथं आहे. कार्यकर्त्यांतली बरीच माणसं इथलीच, नोकरी-धंदा सांभाळून येणारी. कुठल्या धरणाच्या कुठल्या कोपऱ्यात भोवरा होतो, कुठं तळात झाडांची खोडं आहेत, कुठल्या ओढ्याचं पाणी वर पाऊस झाला की किती वेळात खाली पोचतं, हे त्यांना माहीत असतं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते वर्षानुवर्षं पाण्यातून माणसं काढताना जमलेलं आहे.

या लोकांचं काम जीव वाचवण्याचं आणि गेलेल्याला घरच्यांपर्यंत पोचवण्याचं आहे. सुट्टीच्या दिवशी धरणात पडलेल्या अंगठीसाठी त्यांना हाक मारणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या वेळेवर हात टाकणं. आणि त्यांना न बोलावता स्वतः उडी टाकणं तर त्याहून वाईट. आपल्याकडे माणसं पोहता येत नसताना मोबाइलसाठी, चपलेसाठी, चष्म्यासाठी पाण्यात उतरली आहेत आणि मग त्यांच्यामागे दुसरे उतरले आहेत. पहिल्याची चूक वस्तूसाठी होती, दुसऱ्याची मायेपोटी. पाण्यानं दोघांत भेद केला नाही. पट्टीचा पोहणाराही गढूळ पाण्यात तळ शोधायला एकटा गेला तर दम कधी संपला ते कळत नाही, कारण वर उजेड आहे की नाही हेच कळत नाही.

पावसाळ्यात हरवलेल्या सोन्याला मार्चपर्यंत थांबवायचं. पाणी उतरू द्यायचं, निवळू द्यायचं, मग परवानगी घेऊन, दोर आणि माणसं जमवून शोध घ्यायचा. मधल्या सहा-आठ महिन्यांत सोन्याला काहीही होत नाही.

वर आल्यावर

सापडलेल्या वस्तूचं पुढे काय, याचाही विचार हवा. आपल्या पिढीतल्या कुणाची तरी ती असेल तर पोलिसांत देणं हा सरळ मार्ग. ठेवून घेतली तर तो अपहार होतो. जुनी असेल तर गोष्ट बदलते. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी तोफ, नाणं, मूर्ती ही १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते.

मावळात हे सांगायला हवं, कारण गुप्तधनाच्या गोष्टी इथं पावलोपावली आहेत. लोहगडावर नाना फडणविसांनी आपली संपत्ती ठेवली होती, सोळा कोनांचं तळं बांधलं होतं. त्यावरून कहाण्या वाढल्या आणि कहाण्यांवरून कुदळी. लोहगड केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथं खणलेला प्रत्येक चोरटा खड्डा इतिहासाचं एक पान फाडतो. वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, कोणत्या बाजूला तोंड करून पडली होती, यातच तिची अर्धी हकिकत असते.

बिडाचा गोळा किंवा तोफ दीर्घकाळ पाण्याखाली असेल तर बाहेरून धड दिसली तरी आतून पोखरलेली असू शकते. लोखंड झिरपून जातं आणि काजळीसारखा कार्बन आकार धरून राहतो. अशी वस्तू उन्हात वाळवली की तडे जातात, थर सुटतात. घासून तेल आणि शेंदूर लावण्यात भक्तिभाव असतो, पण त्यानं तिचं आयुष्य संपतं. ती ओलीच ठेवायची, पुरातत्त्व खात्याला कळवायचं. अल्कलीच्या द्रावणात, मंद विजेच्या प्रवाहाखाली, काही महिने ते काही वर्षं तिच्यातला क्षार काढावा लागतो. गडावरची टाकी उपसणाऱ्या आपल्या तरुण मंडळांनी हे शिकून घेतलं, तर त्यांच्या घामाला मोल येईल. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाण्याखालच्या शोधाची शाखा आहे. विचारायला माणसं आहेत.

तळेगावच्या तळ्याचंही असं काही व्हावं, असं मला मनापासून वाटतं. तोफा मराठ्यांच्या बैलांनी तेव्हाच ओढून नेल्या असतील, असंच धरून चालावं. पण घाईत टाकलेल्या सामानाबरोबर गाड्यांच्या लोखंडी धावा, खिळे, गोळे काठाजवळच्या गाळात राहणं अगदी स्वाभाविक आहे. तळ्यातला गाळ यंत्रानं काढताना ते ट्रकबरोबर शेतात जातं आणि कुणाला कळतही नाही. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर, कुठंही न खणता, काठावरून आणि होडीतून एकदा नीट यंत्रांनी पाहणी करावी. गाळ काढायच्या कामावर एक जाणकार माणूस उभा ठेवावा. काठावर दोन ओळींचा फलक लावावा, की १७७९च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेल्या फौजेनं आपल्या तोफा इथं टाकल्या. नगरपालिकेला आणि शाळांना हे झेपणारं काम आहे.

आणि त्याच फलकाखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, पाण्यात वस्तू पडली तर काय करायचं ते लिहावं. जागेवर उभे राहा, खूण बांधा, पाण्यात उतरू नका, ११२वर कळवा. भुशीला, तुंगार्लीला, पवनेच्या काठाला, कुंडमळ्याला, जिथं जिथं मुलं पाण्यापाशी जातात तिथं हा फलक हवा. कॉकबर्न आणि कारनॅक यांच्या त्या रात्रीच्या निर्णयांत चुका पुष्कळ होत्या, पण माणसं वाचवायची असतील तर तोफा सोडाव्या लागतात, एवढं त्यांना कळलं होतं. आपल्या हातात सुटते ती अंगठी असते, साखळी असते, फोन असतो. त्या सोडणं तोफा सोडण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि ते मुलांना पोहण्याच्याही आधी शिकवायला हवं.